हरणं खरंच कमी झाली, की फक्त दिसेनाशी झाली?

प्रश्न थोडक्यात असा: अमेरिकेच्या उत्तरेकडच्या एका राज्यात, जंगल आणि मक्याची शेतं जिथे एकमेकांना भिडतात अशा जागी, तीच मंडळी वर्षानुवर्षं त्याच रानात पांढऱ्या शेपटीच्या हरणांची शिकार करत आली आहेत. गेली चार-पाच वर्षं मचाणावर बसून पूर्वीच्या निम्मी हरणंही दिसत नाहीत. राज्याचं वन्यजीव खातं मात्र संख्या स्थिर असल्याचं सांगतं. कोणाचं खरं मानायचं, आणि आपल्या रानापुरतं तपासायचं कसं? (भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हरणांची शिकार बंद आहे. खाली लिहिलंय ते जिथे परवाना आणि ठरलेला हंगाम आहे, तिथल्या शिकारीबद्दल.)

दोघांचंही खरं असू शकतं. खातं बोलतं ते अख्ख्या काउंटीच्या (म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या) सरासरीबद्दल, तुम्ही बोलता ते दोन-तीनशे एकरांबद्दल. पांढऱ्या शेपटीच्या मादीचा वावर बहुतेक ठिकाणी एक-दोन चौरस किलोमीटरांत असतो, आणि तिच्या मुली मोठ्या झाल्या की आईच्या शेजारीच ठाण मांडतात. तरुण नर मात्र दीड वर्षाच्या आसपास जन्माचं रान सोडून दूर निघून जातात. त्यामुळे एखाद्या कोपऱ्यातल्या माद्यांचं कुटुंब जास्त मारलं गेलं, तर ती जागा भरायला वर्षं लागतात. शेजारचं रान हरणांनी भरलेलं असलं तरीही. काउंटीचा आकडा जागचा हलत नाही आणि तुमचं रान रिकामं होतं.

पण त्याआधी एक गोष्ट तपासायला हवी, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. तुम्ही संख्या पाहत नाही, तुम्ही दिसलेली हरणं मोजता. दिसलेली हरणं तीन गोष्टींवर ठरतात: रानात किती आहेत, त्यातली किती तुमच्या नजरेच्या टप्प्यात दिवसाउजेडी येतात, आणि तुम्ही किती तास बसलात. पहिली जराही न बदलता बाकीच्या दोन बदलल्या, तरी आकडा निम्म्यावर येऊ शकतो.

तासांपासून सुरुवात करा, कारण ते सोपं आहे. समजा एका जुन्या हंगामात ६० तास बसून ४८ हरणं दिसली आणि यंदा ३५ तासांत २१. नुसते आकडे पाहिले तर घट ५६ टक्के. तासाला काढलं तर ०.८ वरून ०.६, म्हणजे २५ टक्के. ही घटही लहान नाही, पण "निम्म्याहून कमी झाली" आणि "चौथा हिस्सा कमी झाली" या दोन वाक्यांवर घेतले जाणारे निर्णय फार वेगळे असतात. वय वाढतं, नोकरी बदलते, थंडीत पूर्वीसारखं पहाटेपासून बसवत नाही. तास नकळत कमी होतात आणि आठवण मात्र जुन्या चांगल्या दिवसांची राहते.

आता दिसण्याबद्दल. ओकच्या झाडांना भरपूर फळं लागली की हरणं दाट जंगलातच पोट भरतात. शेताच्या कडेला, मोकळ्या पट्ट्यात यायचं त्यांना कारणच उरत नाही. त्या वर्षी शेताच्या बांधावरची मचाणं ओस पडतात आणि जंगलातल्या ओकखालची चालतात. पांढऱ्या ओकचं फळ एका हंगामात पिकतं, लाल ओकचं दोन हंगामांत, म्हणून दोन्ही जातींचा बहर एकाच वर्षी जुळेल असं नाही. फळांचं वर्ष आणि फळं न लागलेलं वर्ष यांची तुलना कधीही थेट करू नका. नोंदवहीत "ओक: भरपूर, मध्यम, नाही" एवढं जरी दरवर्षी लिहिलं असतं, तर अर्धी भांडणं झालीच नसती. मक्याचंही तसंच. हंगाम सुरू होताना मका उभा असेल तर हरणं त्यातच राहतात, कापणी झाली की दोन दिवसांत बाहेर दिसतात.

उबदार नोव्हेंबर हे दुसरं कारण. हिवाळ्याची जाड लव अंगावर आलेली असते, त्यात ऊन चढलं की हरीण दिवसभर सावलीत पडून राहतं आणि रात्री हिंडतं. चंद्राच्या कलांवर लोक फार भर देतात. हरणांच्या गळ्यात जीपीएस पट्टे घालून झालेल्या अभ्यासांत त्याचा ठाम, सारखा परिणाम आढळलेला नाही. तापमान, वारा आणि माणसांची वर्दळ यांकडे आधी लक्ष द्या. तेच मचाण, तोच वाऱ्याविरुद्ध नसलेला रस्ता, आठवड्यातून चार वेळा, असं चाललं की हरणं ते मचाण टाळायला शिकतात. ती मेलेली नसतात, तुमच्यापासून दीडशे मीटरवरून वळसा घालत असतात. खात्री करायची असेल तर एक ट्रेल कॅमेरा (झाडाला बांधायचा, हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारा) मचाणासमोर आणि एक दाट झाडीतल्या वाटेवर लावा, आणि दिवसाउजेडातले फोटो दोन्हीकडचे वेगळे मोजा. मचाणासमोर फक्त रात्रीचे आणि झाडीत दिवसाचे फोटो येत असतील तर बिघाड संख्येत नाही.

तिसरं कारण हळू घडतं म्हणून लक्षात येत नाही, आणि ते सगळ्यात महत्त्वाचं आहे: जंगलाचं वय. जंगल तोडलं की पहिली आठ-दहा वर्षं जमिनीलगत कोवळे कोंब, रास्पबेरीची झुडपं, ॲस्पेनचे फुटवे यांची नुसती चंगळ असते. पंधरा-वीस वर्षांत झाडांचे शेंडे एकमेकांना मिळतात, खाली ऊन पोचत नाही आणि हरणाच्या तोंडाला लागेल असा पाला उरत नाही. ज्या वर्षांची आठवण "इथे हरणंच हरणं होती" अशी सांगितली जाते, त्या वर्षी ते रान किती वर्षांचं होतं हे जुन्या हवाई छायाचित्रांत पाहा. तोडणीनंतरच्या सातव्या वर्षाची तुलना पंचविसाव्या वर्षाशी होत असेल, तर घट खरी आहे. पण ती ना कोयोटीमुळे (कोल्ह्या-लांडग्याच्या जातकुळीचा शिकारी प्राणी) आहे, ना खात्यामुळे. जमीनच पूर्वीइतकी हरणं पोसत नाही. उलट मधल्या काळात, आठव्या ते पंधराव्या वर्षी, झाडोरा इतका दाट होतो की हरणं असूनही दिसत नाहीत.

आठवणीचा पायाही जपून घ्यावा. १९०० च्या सुमारास अख्ख्या अमेरिकेत पांढऱ्या शेपटीची हरणं तीन ते पाच लाखांवर आली होती. बाजारासाठी होणारी बेबंद शिकार हे मुख्य कारण. बेकायदा मारलेल्या प्राण्यांचा राज्याबाहेरचा व्यापार रोखणारा १९०० चा लेसी कायदा, राज्याराज्यांचे हंगाम, १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि दारूगोळ्यावरील कराचा पैसा वन्यजीवांकडे वळवणं, हरणं नव्या ठिकाणी नेऊन सोडणं आणि पडीक शेतांवर वाढलेली कोवळी रानं, या सगळ्यांतून आज ती तीन कोटींच्या घरात आहेत. गेल्या शतकाच्या शेवटच्या दशकांत अनेक राज्यांत कळप जमिनीला पेलवणार नाहीत इतके वाढले होते, आणि खात्यांनी मादीचे परवाने वाढवून ते जाणूनबुजून कमी केले. ज्याने शिकारीला सुरुवात तेव्हा केली, त्याच्या मनातलं "नेहमीचं" हे प्रत्यक्षात शिखर होतं.

हे सगळं वजा करूनही घट उरत असेल, तर मग खरा तपास सुरू करायचा. आणि तो नरांपासून करायचा नाही.

कळपाचं भवितव्य ठरतं ते माद्या आणि पाडसांवर. शिकारी बोलतात शिंगांबद्दल, पण विचारण्याचा प्रश्न हा: शरद ऋतूत शंभर प्रौढ माद्यांमागे किती पाडसं जिवंत आहेत? एक साधा हिशोब मांडून पाहा. आकडे उदाहरणाचे आहेत. रानात १०० प्रौढ माद्या, आणि प्रत्येक मादीमागे ०.८ पाडस. म्हणजे ८० पाडसं, त्यातल्या ४० माद्या. हिवाळ्यात पाडसांतली २० टक्के जातात, ३२ उरतात आणि पुढच्या वर्षी प्रौढांत जमा होतात. प्रौढ माद्यांपैकी १२ नैसर्गिकरीत्या किंवा गाड्यांखाली मरतात. ३२ वजा १२, म्हणजे शिकारीत २० माद्या घेतल्या तरी कळप १०० वरच राहतो. आता प्रमाण ०.८ वरून ०.४ वर आलं असं धरा. पाडसं ४०, त्यातल्या माद्या २०, हिवाळ्यानंतर १६. मृत्यू वजा केले की शिल्लक ४. परवाने मात्र तेवढेच, आणि शिकार २० चीच. पुढच्या वर्षी माद्या ८४, त्याच्या पुढच्या वर्षी ६७, तिसऱ्या वर्षी ५०.

तीन वर्षांत निम्म्या. साथ नाही, कडक हिवाळा नाही, कुठे मेलेली हरणं सापडलेली नाहीत. "अचानक कुठे गेली" याचं उत्तर बहुतेक वेळा याच हिशोबात सापडतं: पाडसं जगण्याचं प्रमाण घसरलं आणि माद्यांची शिकार जुन्याच दराने चालू राहिली.

याच आकडेमोडीतून आणखी एक गैरसमज सुटतो. "एका नरामागे पंधरा माद्या उरल्यात" असं सर्रास म्हटलं जातं. नर आणि मादी पाडसं जवळपास सारखीच जन्मतात. पहिल्या उदाहरणात दरवर्षी ३२ तरुण नर नव्याने प्रौढ होतात. म्हणजे आदल्या हंगामात एकूण एक प्रौढ नर मारला गेला असं धरलं तरी हंगामाआधी तीन माद्यांमागे एक नर असतोच. दुसऱ्या, वाईट उदाहरणातही पाच-सहाला एक. (स्वतःच्या रानात जन्मलेले तरुण नर बाहेर जातात, तसे बाहेरचे आत येतात.) पंधराला एक दिसतो तो नर सावध असतात म्हणून, आणि पाडसंही माद्यांत मोजली जातात म्हणून.

पाडसं मोजण्यात होणारी ही चूक आधी सुधारायला हवी. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पाडसं पाच-सहा महिन्यांची असतात, ठिपके गेलेले असतात, आणि एकटं पाडस लांबून छोट्या मादीसारखंच दिसतं. फरक तोंडात आणि अंगाच्या ठेवणीत असतो. प्रौढ मादीचं नाकाड लांब, मान लांब, आणि बाजूने पाहिलं तर धड आडव्या आयतासारखं. पाडसाचं नाकाड आखूड, कान डोक्याच्या मानाने मोठे, धड जवळपास चौकोनी. नर पाडसाचं कपाळ कानांच्या मध्ये सपाट दिसतं, कारण शिंगांचे गड्डे तिथे उचलून आलेले असतात. मादीचं डोकं तिथे गोलसर असतं. प्रकाश कमी असेल किंवा हरीण एकटं असेल तर ओळख सांगू नका, "अनोळखी" असा वेगळा रकाना ठेवा. खोटी अचूकता अनोळखी रकान्यापेक्षा जास्त नुकसान करते.

नोंदीसाठी धनुष्यबाणाचा हंगाम उत्तम. रायफलींचा गदारोळ सुरू व्हायच्या आधी हरणं नैसर्गिकपणे हिंडतात आणि माणूस तासन्‌तास शांत बसतो. आयोवा राज्य धनुर्धारी शिकाऱ्यांकडून अशाच नोंदी गोळा करतं. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये मूसची (थंड प्रदेशातलं अवाढव्य हरीण) शिकार करणारी पथकं दिवसभरात दिसलेले नर, माद्या, पाडसं लिहून देतात आणि तिथलं व्यवस्थापन त्यावर बरंचसं चालतं. म्हणजे शिकाऱ्याची नजर निरुपयोगी आहे असं अजिबात नाही. तिला तास आणि रकाने जोडले की ती सरकारी मोजणीइतकीच मोलाची होते. प्रत्येक बैठकीला लिहा: तारीख, सुरुवात-शेवट, मचाण, वारा, तापमान, प्रौढ नर, दीड वर्षाचे नर, माद्या, पाडसं, अनोळखी. काहीच दिसलं नाही तर शून्य लिहायचंच. शून्याच्या बैठका गाळणं ही सगळ्यात नेहमीची चूक, आणि तिच्यामुळे वाईट वर्षं कागदावर चांगली दिसतात.

किती नोंदी पुरतात? २० माद्या आणि १२ पाडसं दिसली तर प्रमाण ०.६ येतं, पण इतक्या कमी नोंदींत खरं प्रमाण ०.३ पासून ०.९ पर्यंत कुठेही असू शकतं. २०० माद्या आणि १२० पाडसं असतील तर ते साधारण ०.५ ते ०.७ मध्ये बसतं. एकट्याच्या एका हंगामातून हे निघत नाही. शेजारच्या चार-पाच जमिनींवरच्या मंडळींनी एकच तक्ता वापरला तर निघतं. शिवाय तीन वर्षांची सरासरी पाहा, एका वर्षावरून निष्कर्ष काढू नका.

कॅमेऱ्याने मोजायचं असेल तर सुमारे १०० एकरांना एक कॅमेरा, १० ते १४ दिवस, शिंगांवरची मखमल गळल्यानंतर. शिंगांच्या आकारावरून प्रत्येक नर वेगळा ओळखायचा. समजा नरांचे १२० फोटो आले आणि त्यात वेगळे नर १५. भागाकार ०.१२५. माद्यांचे फोटो २४०, गुणिले ०.१२५, म्हणजे ३० माद्या. पाडसांचे १४४, म्हणजे १८. प्रमाण ०.६. यात गृहीत असं आहे की नर, माद्या आणि पाडसं कॅमेऱ्यासमोर सारख्याच वेळा येतात, आणि ते पूर्णपणे खरं नसतं. लवकर केलेल्या मोजणीत पाडसं हमखास कमी पडतात, कारण ती अजून आईच्या मागे सगळीकडे जात नाहीत. म्हणून दरवर्षी त्याच तारखा, त्याच जागा. ही पद्धत सहसा मका टाकून वापरतात, पण रोगग्रस्त भागांत आमिष टाकायला अनेक राज्यांत बंदी आहे. तिथे वाटांवर आणि पाणवठ्यांवर कॅमेरे लावा; फोटो कमी मिळतील, पण नियम मोडायचा नाही आणि रोगही पसरवायचा नाही.

लेंड्यांची मोजणी स्वस्त आहे आणि बर्फ वितळल्यावर, हिरवळ उगवायच्या आधी करता येते. २ मीटर त्रिज्येची १०० वर्तुळं रानभर सारख्या अंतरावर आखा. एकूण क्षेत्र होतं १,२५७ चौरस मीटर. पानगळीनंतर पडलेल्या, म्हणजे पानांच्या वर असलेल्या लेंड्यांचे ढीगच मोजायचे. ३१ ढीग सापडले तर चौरस किलोमीटरला सुमारे २४,७०० झाले. पानगळीपासून १५० दिवस झाले असतील तर त्याला १५० ने भागा, आणि मग एका हरणाच्या दिवसाच्या ढिगांनी. अडचण इथेच आहे. हा दर १३ धरला तर उत्तर येतं चौरस किलोमीटरला १२-१३ हरणं, २५ धरला तर साडेसहा. दोन्ही दर वापरात आहेत. खाणं, ऋतू आणि जात यांनुसार तो बदलतो. त्यामुळे या पद्धतीतून "इतकी हरणं आहेत" असं छातीठोक सांगू नका. तीच वर्तुळं, तोच दर, दरवर्षी. मग उत्तराचा कल मात्र भरवशाचा असतो.

आता मारलेल्या हरणांकडे, कारण मोजणी सांगत नाही ते त्यांचं शरीर सांगतं. संख्या कमी होण्याच्या दोन अगदी उलट दिशा आहेत. एक, जमिनीवर चारा पुरेसा आहे पण हरणं बाहेरच्या कारणाने मरत आहेत. दोन, चाराच कमी पडलाय. पहिल्यात उरलेली हरणं वजनदार असतात, दुसऱ्यात हलकी. दीड वर्षाच्या नरांचं आतडी काढल्यानंतरचं वजन आणि शिंगाचा बुंध्यापासून अडीच सेंटिमीटरवरचा व्यास, हे दोन आकडे दरवर्षी लिहा. मोठ्या नरांचे नको. दीड वर्षाचंच जनावर चाऱ्याची स्थिती प्रामाणिकपणे दाखवतं, कारण त्याच्या अंगावर एकाच वाढीचा हिशोब असतो.

वय ठरवायला खालचा जबडा उघडा. गालाकडच्या दाढा मोजा. सहापेक्षा कमी असतील तर ते पाडस. सहाही आल्या असतील तर पुढून तिसरी दाढ पाहा. तिला तीन कंगोरे आणि ती झिजलेली असेल, तर ती दुधाची आहे आणि हरीण दीड वर्षाच्या आसपासचं. तिच्या जागी दोनच कंगोऱ्यांची, शेजारच्या डागाळलेल्या दाढांपेक्षा पांढरीशुभ्र दाढ नुकतीच वर येत असेल, तरी वय तेवढंच. दोन कंगोऱ्यांची दाढ बाकीच्यांसारखीच रंगलेली आणि झिजू लागलेली असेल तर अडीच किंवा जास्त. त्यापुढे झिजेवरून वर्ष सांगण्याच्या फंदात पडू नका. रेताड जमिनीवरचं हरीण दाढा लवकर झिजवतं. नेमकं हवं असेल तर पुढचा दात प्रयोगशाळेत पाठवून त्यातली वर्षवलयं मोजून घ्यावी लागतात.

अडीच वर्षांवरच्या मादीची कास दाबून पाहा. दूध निघालं तर तिचं निदान एक पाडस शरदापर्यंत जगलं. हंगामाच्या सुरुवातीच्या माद्याच यात धरा, उशिरा काही माद्या आटलेल्या असतात. माद्या अंगाने भरलेल्या, पण बहुतेक कोरड्या, तर पाडसं जन्मानंतर मरतायत: कोयोटी, काळी अस्वलं, बॉबकॅट, कुठे कुठे लांडगे. जन्मल्यावर पाडस जेमतेम अडीच-तीन किलोचं असतं आणि पहिले काही आठवडे गवतात निपचित पडून राहतं; धोक्याचा काळ तोच. दक्षिण कॅरोलायनातल्या सवाना रिव्हर साइटवर पाडसांना पट्टे लावून झालेल्या अभ्यासांत कोयोटींनी खाल्लेल्या पाडसांचं प्रमाण फार मोठं निघालं होतं. तरीही सगळीकडे तसंच असेल असं धरू नये. लपायला उंच गवत आणि दाट झुडपं असतील तिथे तेवढ्याच कोयोटींमध्ये जास्त पाडसं वाचतात. आणि कोयोटी मारून प्रश्न सुटेल ही आशा सहसा फोल ठरते, कारण रिकाम्या जागेत नवे लवकरच येतात. मादीची शिकार दोन-तीन वर्षं कमी करणं हा तुमच्या हातातला उपाय आहे.

माद्या हलक्या, कोरड्या आणि दीड वर्षाच्या नरांना नुसती सुळक्यांसारखी शिंगं, तर चारा संपलाय. मग जमिनीकडे पाहा. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, त्यामुळे ते डहाळी खालच्या दातांनी आणि वरच्या कडक हिरडीने धरून ओढतं. तुटलेलं टोक चिंध्या झाल्यासारखं, धागे निघालेलं असतं. सशाने खाल्लेली डहाळी तिरपी, सुरीने छाटल्यासारखी स्वच्छ कापलेली असते. दीड-पावणेदोन मीटर उंचीपर्यंत सगळी हिरवाई सारखी खुडलेली, ओक आणि मेपलची रोपं घोट्यापर्यंतच, आणि हरणं नाक मुरडतात अशा नेच्यांचे गालिचे खाली पसरलेले, तर त्या रानात हरणं अजूनही जास्त आहेत, तुम्हाला कमी वाटत असली तरी. अशा ठिकाणी मादीची शिकार थांबवली तर जंगल आणखी उजाड होईल आणि पुढचा कडक हिवाळा हरणांना उपाशी मारील. हे शिकाऱ्यांना पटवणं सगळ्यात अवघड जातं, पण यात आडपडदा ठेवून चालत नाही.

हिवाळ्याचा हिशोब विस्कॉन्सिन राज्याची पद्धत वापरून घरबसल्या करता येतो. १ डिसेंबर ते ३० एप्रिल, जमिनीवर १८ इंच म्हणजे ४६ सेंटिमीटर किंवा जास्त बर्फ असलेल्या प्रत्येक दिवसाला एक गुण. तापमान उणे १८ सेल्सिअस किंवा खाली गेलेल्या प्रत्येक दिवसाला एक गुण. दोन्ही असेल तर दोन. बेरीज ५० च्या खाली तर सौम्य, ८० च्या पुढे कडक, १०० च्या पुढे अतिकडक. कडक हिवाळ्यात आधी पाडसं जातात, आणि वाचलेल्या माद्यांना वसंतात अशक्त पाडसं होतात. म्हणून एका वाईट हिवाळ्याचा फटका दोन वर्षांच्या पाडसांवर दिसतो, आणि पुढची दोन-तीन वर्षं दीड-अडीच वर्षांच्या नरांची उणीव म्हणून पुन्हा जाणवतो. अशा हिवाळ्यात कीव येऊन मक्याची पोती ओतू नका. डहाळ्यांवर जगणाऱ्या हरणाच्या पोटातले जंतू पिठुळ धान्याला तयार नसतात; आम्ल वाढून भरल्या पोटी हरीण मरतं. रानाच्या कडेची काही झाडं पाडून त्यांचे शेंडे तोंडाला लागतील असे ठेवणं, हे कितीतरी उपयोगी.

रोगांपैकी दोनच बघा. ईएचडी (एपिझूटिक हेमोरेजिक डिसीज) या रोगाचा विषाणू सूक्ष्म चावऱ्या चिलटांमार्फत पसरतो. उन्हाळ्याच्या अखेरीस, कोरड्या वर्षी पाणवठे आटून काठांवर चिखल उघडा पडला की चिलटं वाढतात, आणि पहिल्या कडक दहिवरापर्यंत साथ चालते. ताप चढल्यामुळे हरणं पाण्याकडे जातात, म्हणून मेलेली ओढ्या-तळ्यांजवळ सापडतात. ही साथ ठिपक्या-ठिपक्यांनी पसरते: एका खोऱ्यात हाहाकार आणि दहा किलोमीटरवर काहीच नाही. काउंटीची सरासरी स्थिर आणि तुमचं रान रिकामं, याचं हेही एक खरंखुरं स्पष्टीकरण आहे. बचावलेल्या हरणांच्या खुरांवर महिन्यांनंतर खूण दिसते: खुराच्या भिंतीला आडवी भेग, कधी टोकाचं कवच निखळत आलेलं. नोव्हेंबरमध्ये मारलेल्या प्रत्येक हरणाचे चारही खूर उलटून पाहायची सवय लावा. त्या वर्षी साथ येऊन गेली का, हे तिथे कळतं. माणसाला हा रोग होत नाही, आणि साथीनंतर मादीचे परवाने एक-दोन वर्षं आवरले तर कळप सावरतो.

सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) वेगळा आणि जास्त गंभीर. १९६७ मध्ये कोलोरॅडोतल्या एका संशोधन केंद्रातल्या पाळीव म्यूल हरणांत तो प्रथम दिसला. विस्कॉन्सिनमध्ये २००२ मध्ये, नॉर्वेत २०१६ मध्ये सापडला. विकृत प्रथिनांमुळे होणारा मेंदूचा रोग, उपचार नाही, लस नाही, मातीत वर्षानुवर्षं टिकतो. लागण झाल्यावर दीड-दोन वर्षं हरीण वरून धडधाकट दिसतं. त्यामुळे "आजारी हरणं दिसली नाहीत" याचा अर्थ "रोग नाही" असा होत नाही. प्रौढ नरांत प्रमाण जास्त, म्हणून चार-पाच वर्षांचे नर हळूहळू दिसेनासे होणं ही त्याची एक चाहूल. बाधित भागात मारलेल्या प्रत्येक हरणाच्या घशामागच्या लसिका ग्रंथी तपासणीला द्या, निकाल येईपर्यंत मांस वेगळं ठेवा, आणि रोग निघाला तर खाऊ नका. माणसाला लागण झाल्याचं सिद्ध झालेलं नसलं तरी आरोग्य यंत्रणांचा सल्ला हाच आहे. डोकं आणि कणा दुसऱ्या काउंटीत नेऊन टाकू नका.

खात्याच्या आकड्यांचं काय? ते बहुतेक ठिकाणी थेट मोजलेले नसतात. मारलेल्या नरांची संख्या, त्यांची वयं आणि माद्या-पाडसांचं प्रमाण यांवरून उलटा हिशोब मांडलेला असतो. त्यात गृहीत असतं की दरवर्षी प्रौढ नरांतला साधारण सारखाच हिस्सा मारला जातो. शिकारी कमी झाले, लोक मोठ्या शिंगांसाठी लहान नर सोडू लागले, किंवा पेनसिल्व्हेनियाने २००२ मध्ये केले तसे शिंगांच्या टोकांचे नियम (शिंगांना ठरावीक टोकं असतील तोच नर मारायचा) आले, की हे गृहीतक डळमळतं. तेव्हा खात्याच्या सभेत "तुमचे आकडे खोटे" म्हणण्याऐवजी विचारा: आमच्या विभागासाठी नरांच्या शिकारीचा दर कोणता धरला, तो शेवटचा कधी तपासला, आणि पाडस-मादी प्रमाण किती नोंदींवरून काढलं? आणि सोबत तुमच्या शेजाऱ्यांच्या तीन वर्षांच्या नोंदी ठेवा: तासाला दिसलेली हरणं, मादीमागे पाडसं, दीड वर्षाच्या नरांची वजनं, दूध असलेल्या माद्यांचं प्रमाण, प्रत्येकापुढे नोंदींची संख्या. परवान्यांच्या निर्णयाआधी किमान दोन महिने द्या, कारण कोटा ठरल्यानंतर आलेला कागद पुढच्या वर्षापर्यंत फाइलमध्येच राहतो.